मुरमाच्या वाटा आणि सायकलस्वार

दिवाळी सरून हवेत गारवा आला म्हणजे आमच्या पुरंदर तालुक्याच्या शिवारांत अलीकडे एक नव्याच तऱ्हेचा प्रवासी दिसू लागतो. समोर डांबरी सडक चांगली असता ती सोडून तो मुद्दाम गाडीवाटेस लागतो. अंगावर घट्ट पोशाख, डोक्यावर हलके शिरस्त्राण, सायकलच्या दांड्यावर वाट दाखविणारे लहानसे यंत्र, असा त्याचा थाट असतो. यंत्राचा आणि जमिनीचा मेळ बसेनासा झाला की तो बांधावरील माणसाजवळ थांबतो आणि विचारतो, "काका, ही वाट पुढे निघते का?" प्रश्न दिसावयास अगदी साधा आहे. परंतु महसूल खात्यात कारकुनी करून ज्यांनी उमेदीची सारी वर्षे घालविली, त्या आम्हांस तो साधा वाटत नाही. वाट पुढे निघते की नाही, या एकाच प्रश्नापायी आम्ही किती अर्ज, किती जबाब आणि किती पंचनामे लिहिले याची गणती नाही. म्हणून या पाहुण्यांच्या निमित्ताने आपल्या शिवारवाटांविषयी दोन शब्द लिहावे असे मनात आले.

प्रथम त्या सायकलीविषयी. शर्यतीच्या सायकलीचे चाक बोटभर रुंदीचे असते व त्यात हवा दगडासारखी कडक भरावी लागते. ती सायकल डांबरावरच शोभते. डोंगर उतरण्यासाठी केलेली सायकल दणकट खरी, पण जड. या दोहोंच्या मधली ही सायकल होय. तिला इंग्रजीत ग्रॅव्हल बाईक असे नाव आहे. आपल्याकडे वाटेवर खडी नसून मुरूम असतो, सबब आम्ही तिला मुरमी सायकल म्हणणार. वाचकांस हे नाव न रुचल्यास त्यांनी दुसरे सुचवावे. तिचे मूठदांडे शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वळलेले असतात, पण टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे असते आणि त्यात हवा अवघी ३० ते ३५ पौंड ठेवितात. हवा कमी असल्याने चाक दगडावर उड्या न मारता त्यास कवटाळून जाते. पुष्कळांच्या टायरात ट्यूबच नसते. तिच्याऐवजी आत एक चिकट द्रव घातलेला असतो. काटा लागला की तो द्रव भोकात जाऊन थिजतो व चाक पुढे चालू लागते. ज्या मुलखात बांधोबांधी बाभळ आहे आणि पावसाळ्यानंतर वाटेवर सराटा पसरतो, तेथे या युक्तीचे महत्त्व शेतकऱ्यास सांगावयास नको.

ही आवड मूळची अमेरिकेतील शेतवस्तीच्या कच्च्या सडकांवर वाढली. कॅन्सस संस्थानातील एम्पोरिया या गावाहून २००६ सालापासून दोनशे मैलांची एक शर्यत निघते; ती सर्वस्वी गुरांच्या कुरणांतून, गारगोटीच्या धारदार दगडांवरून जाते. पुढे हा प्रकार युरोपात फैलावला आणि २०२२ साली इटलीत या सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. तेथील लोक अशा वाटांचे नकाशे काढून जपतात. आपल्या वाटा त्यांहून कमी प्रतीच्या नाहीत, उलट एका बाबतीत सरस आहेत. आणि ती बाब म्हणजे आपली जमीन.

दक्षिणेचे हे पठार अग्निजन्य आहे, हे आपण शाळेत शिकलो व विसरलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त रस पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर बसले, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या थरांनी झाकलेला आहे. फ्रान्सातील ओव्हेर्न्य प्रांतात जसे शंकूच्या आकाराचे निद्रिस्त ज्वालामुखी ओळीने उभे आहेत, तसे आपल्याकडे एकही नाही. आपल्याकडे पायऱ्या आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. एक थर कठीण काळ्या पाषाणाचा, त्यावर वा त्याखाली एक मऊ, भोकाभोकांचा, ज्यास विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, आणि मधूनमधून वीतभर लाल मातीचा पट्टा. ऊन, पाऊस व वारा यांनी मऊ थर झिजतो, कठीण थर टिकतो. म्हणून आपले डोंगर कधी सरळ चढत नाहीत. आधी कडा, मग माळ, पुन्हा कडा, पुन्हा माळ, अशी त्यांची रचना असते. मांजऱ्या कुजला की त्याचा मुरूम होतो, आणि मुरूम वाहून खाली दरीत बसला व शतकानुशतके मुरला की त्याची काळी होते.

आपल्या पूर्वजांनी बैलगाडीच्या वाटा पाडल्या त्या या रचनेस धरूनच पाडल्या. गाडीवाट शक्यतो एकाच माळाने, एकाच उंचीने, डोंगराच्या सोंडेला वळसा घालीत जाते. चढावयाचेच झाले तर जेथे कडा तुटली असेल अशी खिंड शोधून तेथे एकदाच चढते. बैलास दर फर्लांगास चढउतार नको असतो. माणसाच्या पायांनाही तो नको असतो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी जी वाट भरल्या गाडीस सोयीची म्हणून पडली, तीच आज सायकलस्वारास सोयीची ठरते. डांबरी रस्ता करणारा इंजिनिअर डोंगर फोडून सरळ जाऊ शकतो. गाडीवान तसे करू शकत नव्हता, आणि आम्हांस वाटते, त्यामुळेच त्याची वाट अधिक शहाणी आहे.

आता वाटांकडे वळू. सह्याद्रीपासून पूर्वेस निघालेल्या ज्या डोंगररांगेवर सिंहगड आहे, तीच रांग पुढे मल्हारगडावरून भुलेश्वरापर्यंत जाते. पुण्याहून येणाऱ्यास दिवे घाट किंवा बापदेव घाट चढून यावे लागते. दोन्हीकडे वाहनांची गर्दी असते, म्हणून बहुतेक जण सायकल मोटारीवर टाकून सासवडास आणतात व तेथून सुरुवात करितात. हे बरेच आहे. आषाढी वारीची पालखी या मार्गाने जाते त्या दिवसांत मात्र सायकलस्वाराने इकडे फिरकू नये.

सासवडाहून उत्तरेस सोनोरी लागते. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचे हे गाव. त्यांनीच १७५७ ते १७६० या काळात वरचा मल्हारगड बांधिला. महाराष्ट्रात बांधिलेल्या किल्ल्यांत हा शेवटचा मानतात. गडाच्या पायथ्याचा माळ धरून पूर्वेस निघावे. उजव्या हातास कऱ्हेचे खोरे उघडे पडलेले, डाव्या हातास काळी कडा, पायाखाली तांबूस मुरूम, अशी ही वाट आहे. वनपुरी, उदाचीवाडी, सिंगापूर, वाघापूर अशी गावे घेत ती शिंदवण्याच्या घाटमाथ्याकडे जाते. यांपैकी वनपुरी व उदाचीवाडी ही नियोजित विमानतळाच्या सात गावांत मोडतात. २०१६ साली या जागेची घोषणा झाल्यापासून तेथील लोकांनी काय सोसले, तो विषय स्वतंत्र व मोठा आहे. येथे इतकेच सांगावयाचे की जे शिवार संपादनात जाते, त्यातील वाटा कोणी वेगळ्या मोजीत नाही. बागेचा, विहिरीचा, झाडांचा मोबदला ठरतो. पाणंद मुकाट्याने जाते. ज्यास ही वाट पाहावयाची असेल त्याने लवकर पाहावी.

वाघापुराहून पुढे आंबळे, माळशिरस व भुलेश्वर. हा भाग कोरडा आहे. पश्चिमेस गराड्याकडे भातखाचरे आहेत आणि येथे येईपर्यंत बाजरी व हुलगा, इतका एकाच तालुक्यात पावसाचा फरक पडतो. माळ रुंद होतो, झाडी विरळ होते, वाट दूरवर एकाच रेषेत दिसते. भुलेश्वराचे देवालय मुरार जगदेवाने बांधविलेल्या दौलतमंगळ किल्ल्यात आहे. आतील यादवकालीन कोरीव काम ज्या काळ्या पाषाणाचे आहे, तोच पाषाण सायकलस्वार सकाळपासून चाकाखाली तुडवीत आलेला असतो. मात्र भुलेश्वराच्या शेवटच्या चढावर मुरमी सायकलचाही दम सुटतो. तेथे उतरून ढकलण्यात कमीपणा नाही.

दुसरी वाट कऱ्हेच्या काठाने आहे. कऱ्हा गराड्याच्या डोंगरांत उगम पावते, सासवडावरून खळद-बेलसरच्या शिवारांतून जेजुरीकडे उतरते आणि पुढे नाझऱ्याच्या धरणात साठून मोरगावाकडे जाते. बेलसर हे नाव इतिहासात आहे. १६४८ साली फत्तेखानाचा तळ येथे पडला असता मावळ्यांनी त्यावर छापा घातला होता. नदीकाठची वाट सपाट खरी, पण काळीतून जाते. मृगापासून हस्तापर्यंत तिच्यावर सायकल घालणे म्हणजे चाकास मातीची चादर गुंडाळणे होय. या काळीचा गुण असा की पाणी पिऊन ती फुगते व चिकटते, आणि वाळली म्हणजे आकसून हातभर खोल भेगा पडतात. सायकलची साखळी, चाक व ब्रेक यांत ती असा काही ठासून बसते की स्वारास सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पाऊस उघडल्यावर निदान आठ दिवस जावे, मग काठची वाट धरावी. जेजुरीच्या पुढे पांडेश्वरापर्यंत ती गेली तर तेथील विटांचे प्राचीन देवालय पाहावयास मिळते. काळ्या दगडाच्या मुलखात विटांचे देऊळ, ही नवलाईच आहे.

तिसरी वाट पुरंदर किल्ल्याच्या भोवतीची आहे. नारायणपुराहून निघून किल्ल्याच्या सोंडा ओलांडीत दक्षिणेस काळदरीकडे व पुढे परिंच्याच्या बाजूस उतरावयाचे. किल्ल्याची उंची सुमारे ४,४७२ फूट आहे, त्यामुळे चढउतार पुष्कळ. पायऱ्यांची रचना जशी येथे दिसते तशी दुसरीकडे क्वचितच दिसेल. किल्ल्यावर लष्कराचा वावर आहे. वर जाणाऱ्याने ओळखपत्र जवळ बाळगावे. दिवसाअखेर सायकल हाकण्याची ही जागा नव्हे, कारण उताराच्या वळणांवर सुटा मुरूम पसरलेला असतो आणि सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक दाबला की स्वार सायकलच्या पुढे जातो.

वाटेच्या रंगावरून तिची परीक्षा करता येते, हे शहरी पाहुण्यास ठाऊक नसते. तांबडा मुरूम दबून बसलेला असेल तर त्यावर डांबरासारखे जाता येते. करडा व खरखरीत असेल तर चाक घसरते. काळी कोरडी असेल तर तिच्यातल्या भेगा व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या सांभाळाव्या. पूर्वी बैलगाडीच्या लोखंडी धावेची चाकोरी अरुंद असे. आता ट्रॅक्टरची चाकोरी रुंद व खोल, आणि मध्ये गवताचा उंचवटा. त्या उंचवट्यात दगड लपलेला असतो. संध्याकाळी आणखी एक धोका आहे. रानडुकरांच्या भयाने पुष्कळांनी शेतास तारा ओढून झटका मशीन लाविले आहे, आणि काही ठिकाणी ती तार वाटेवरूनच आडवी नेली आहे. हे सायकलस्वारास जसे घातक तसेच शाळेतून परतणाऱ्या पोरांसही. तार बांधाच्या आत घ्यावी, वाटेवर कदापि आणू नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हौशी लोकांच्या करमणुकीशी शेतकऱ्यांच्या मासिकास काय कर्तव्य? तर ऐका. या मंडळींच्या यंत्रात जे नकाशे असतात त्यांत जुन्या वाटा दाखविलेल्या असतात. ते विश्वासाने त्या वाटेने येतात आणि एके ठिकाणी वाट संपते. समोर नांगरलेले रान असते, किंवा ज्वारी उभी असते, किंवा काट्याची वई घातलेली असते. पाहुणा जरा चुळबुळतो आणि माघारी वळतो. त्याचा तास गेला, एवढेच. परंतु ज्या शेतकऱ्याचे रान त्या अडथळ्याच्या पलीकडे आहे तो कोठे माघारी वळणार? सायकलस्वाराची वाट जेथे खुंटते, नेमकी तेथेच कोणाची तरी बाग अडकलेली असते, असे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आमच्या माहितीतील एका अंजीर-बागायतदाराची हकीकत सांगतो. पुरंदरच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. पण अंजीर किती नाजूक असते हे ज्याने तोडले आहे त्यासच कळते. पहाटे तोडावे, पाने घालून पाटीत रचावे, आणि ऊन चढण्यापूर्वी बाजाराच्या वाटेस लावावे. धक्का लागला की फळ फुटते, फुटले की आंबते. या गृहस्थांच्या बागेस जाणारी पाणंद एका शेजाऱ्याने दरसाल नांगराच्या एका तासाने आत घेतली. पहिल्या वर्षी कोणास कळले नाही. पाचव्या वर्षी छोटा टेम्पो येईनासा झाला. सातव्या वर्षी तेथे केवळ पाऊलवाट राहिली, आणि मीठा बहार ऐन भरात असता घरच्या बायामाणसांस अर्धा मैल डोक्यावरून पाट्या न्याव्या लागल्या. माल उन्हात पोहोचे, अर्धा दर मिळे. शेजारधर्म म्हणून ते गृहस्थ बोलले नाहीत. शेवटी शेजाऱ्याने उरल्या वाटेवर वई घातली, तेव्हाही गावकीत मिटेल या आशेवर त्यांनी आणखी आठ महिने घालविले. मग अर्ज केला, तो मुदतीबाहेर म्हणून निकाली निघाला. पुढे दुसऱ्या मार्गाने दाद मागून बांधावरून वाट मिळविण्यात दोन वर्षे गेली. दोन वर्षांचे चार बहार गेले.

म्हणून कायदा थोडक्यात सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गावचा नकाशा पाहिला तर त्यावर वाटांच्या खुणा असतात. दुहेरी तुटक रेषा असेल तर ती गाडीवाट, आणि एकेरी तुटक रेषा असेल तर पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट व पायवाटेची सव्वाआठ फूट धरितात. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचे मूळ सोपे आहे. गुंठ्याची बाजू ३३ फूट. तिचे अर्धे साडेसोळा आणि चतुर्थांश सव्वाआठ. ज्यांनी मोजणीची साखळी हाताळली आहे त्यांस हे लगेच ध्यानात येईल. सार्वजनिक वाटा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० अन्वये सरकारच्या मालकीच्या आहेत. कोणी ती सात वर्षे नांगरली काय आणि सतरा वर्षे नांगरली काय, नांगरल्याने ती त्याची होत नाही.

आता दाद कोठे मागावयाची? येथे दोन कलमांची गल्लत पुष्कळ लोक करितात, आणि तिचा फायदा अडविणाऱ्यास मिळतो. वाट पूर्वीपासून वहिवाटीत होती व कोणी ती अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दावा करावयाचा. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे. ही सहा महिन्यांची मुदत म्हणजे या साऱ्या लेखाचा गाभा समजावा. आणि वाटच नाही, शेत चोहोकडून कोंडले आहे, तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ अन्वये शेजारच्या सर्व्हे नंबरांच्या बांधांवरून वाट मागता येते. तेथे तहसीलदार चौकशी करून, शेतकऱ्याची वाजवी गरज किती हे पाहून निर्णय देतो. तो निर्णय ज्यास मान्य नसेल त्यास एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. पहिल्या कलमाचे गाऱ्हाणे दुसऱ्या कलमाखाली घातले की तारखांवर तारखा पडतात. अर्ज लिहिण्यापूर्वी कोणते कलम आपले, एवढे तरी जाणत्यास विचारावे.

सरकारही अगदी स्वस्थ नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना निघाली व रोजगार हमीच्या कामांशी तिची सांगड घातली गेली. २०२५ च्या मे महिन्यात, शेतरस्त्यांची रुंदी तीन ते चार मीटर ठेवावी आणि त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात घ्यावी असा निर्णय निघाला. नोंदीचा हा भाग आम्हांस अत्यंत महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावर टाकलेला मुरूम पावसात वाहून जातो, सातबारावरची ओळ वाहून जात नाही. अर्थात ती ओळ कोणी तरी मागितली तरच पडते. तलाठी, ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे आहे, ते आपण होऊन घरी येऊन ती लिहून देणार नाहीत. आम्ही त्या खात्यातलेच असल्याने हे सांगण्यास आम्हांस संकोच नाही.

एक मतभेदाचा मुद्दा राहतो. पाणंद मोकळी झाली की गावकऱ्यांची पहिली मागणी काँक्रीटची असते. आमचे मत निराळे आहे, आणि ते सायकलस्वारांसाठी नसून शेतकऱ्यासाठी आहे. जेथे ओढा वाहतो तेथे फरशी व मोरी पक्की हवी, चढावर खडीकरण हवे, गावालगत जेथे उसाच्या गाड्या जातात तेथे काँक्रीटही चालेल. परंतु उरलेल्या लांबीस चांगला मुरूमच योग्य. काळीवर टाकलेले पातळ काँक्रीट काळी फुगली-आकसली की तडकते, आणि तडकलेले काँक्रीट दुरुस्त करणे गावच्या आवाक्याबाहेर असते. मुरमाची वाट मात्र गाव स्वतः राखू शकतो. मध्ये उंच, दोन्ही बाजूंस उतार, कडेने पाणी जाण्यास चर, पाणी मारून रोलरची दबाई, आणि हस्ताचा पाऊस संपला की वर्षातून एकदा खड्डे भरणे, एवढ्यावर ती वर्षानुवर्षे टिकते. वाटेचा शत्रू गाडी नसून पाणी आहे. चर बुजले की पाणी वाटेतूनच वाहू लागते आणि एका पावसाळ्यात पाणंदीचा ओढा होतो. आमच्या पाहण्यात ज्या पाणंदी बिघडल्या त्यांतील निम्म्याअधिक चर बुजविल्याने बिघडल्या. आणि चर बुजविणारा बहुधा तोच, ज्यास बांध रुंद करावयाचा होता.

सायकलस्वारांपासून गावास पैसा किती मिळेल, याविषयी फार मोठ्या कल्पना करू नयेत. ते चहा घेतात, सीताफळे व अंजिरे विकत घेतात, कोणी पिठले-भाकरीची सोय केली तर तृप्त होऊन जेवतात व सढळ हाताने पैसे देतात. ज्याची बाग वाटेवर आहे त्याने झाडाखाली पाटी मांडून बसावे, एवढाच उद्योग तूर्त योग्य. त्यासाठी कर्ज काढून खोल्या बांधणे आम्हांस शहाणपणाचे दिसत नाही. त्यांचा खरा उपयोग दुसरा आहे. ज्या वाटेवरून दर रविवारी दहावीस परकी माणसे जातात, ती वाट गुपचूप नांगरता येत नाही. त्यांच्या यंत्रात ते कोणत्या दिवशी, कोणत्या जागेवरून गेले याची तारीखवार रेघ उमटते. वहिवाट होती की नव्हती, या वादात साक्षीदार मिळत नाहीत हे आमचे जुने दुःख आहे. असा एखादा टिपणीचा कागद जबाबासोबत जोडता आला तर चौकशी करणाऱ्यास तो पाहावासा वाटेल. केवळ तेवढ्याने दावा सिद्ध होईल असे मात्र कोणी समजू नये.

पाहुण्यांनीही काही गोष्टी पाळाव्या, आणि त्या त्यांस सांगण्यास आपण भिडेने कचरू नये. उघडलेले फाटक पुन्हा लावावे. ओल्या वाटेवर येऊ नये, कारण चाकाने पाडलेली खाच पुढे महिनाभर पाणी धरते. बांधावरून सायकल नेऊ नये, ठिबकच्या नळ्यांवरून तर मुळीच नाही. डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली तर उतरून वाट द्यावी. धनगरांचा कळप दिसला तर दूर थांबावे, मेंढ्यांसाठी नव्हे तर त्यांच्या कुत्र्यांसाठी. आणि वाट खुंटलेली दिसली तर उभ्या पिकातून पलीकडे न जाता गावात येऊन तसे सांगावे. या शेवटच्या गोष्टीचे आम्हांस विशेष अगत्य आहे.

आमची सूचना अशी. येत्या मार्गशीर्षात, खरिपाचा माल घरी येऊन हात जरा मोकळे झाले म्हणजे, प्रत्येक गावच्या सभासदांनी तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरीतून गावच्या नकाशाची नक्कल घ्यावी आणि एक दिवस शिवारफेरी करावी. सोबत दोन वृद्ध माणसे घ्यावी, ज्यांनी त्या वाटांवरून गाडी हाकली आहे. नकाशावरील प्रत्येक तुटक रेषेवरून प्रत्यक्ष चालावे, जेथे वाट अडली असेल तेथे नकाशावर तांबडी खूण करावी, व कोणाचेही नाव न घेता ती नक्कल ग्रामसभेपुढे ठेवावी. नाव घेतले की भांडण होते. खूण पाहिली की बहुतेक जण आपण होऊन नांगर मागे घेतात. जेथे ते होणार नाही, तेथील सभासदाने संस्थेच्या कचेरीस पत्र लिहावे. पत्रात गाव, सर्व्हे नंबर आणि वाट अडविल्याची तारीख स्पष्ट असावी. तारीख आठवत नसेल तर त्या सुमारास शेतात कोणते काम चालू होते, पेरणी की खुरपणी, एवढे तरी लिहावे. त्यावरून महिना काढता येतो आणि सहा महिन्यांपैकी किती उरले ते आम्ही सांगू.